फोकसचा पडदा

जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या गप्पा लेन्सपासून सुरू होतात आणि बहुतेक वेळा लेन्सपाशीच संपतात. कोणाची एफ/१.४ आहे, कोणाची १.८, कुठली किती धारदार. पण फोकस लागला की नाही हे आपल्याला कळतं ते आरशाच्या वर आडव्या बसवलेल्या एका पातळ तुकड्यावर. त्याला फोकसिंग स्क्रीन म्हणतात. पूर्वी ती काचेची असे, पुढे बहुधा ॲक्रिलिकची. आकार फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे जवळपास ३६ बाय २४ मिलिमीटर. कॅमेऱ्याला डोळा लावला की समोरचं झाड दिसतंय असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आपण पाहत असतो ते या तुकड्यावर पडलेलं झाडाचं चित्र, तेही आयपीसच्या भिंगातून मोठं करून. जेमतेम काही मिलिमीटर जाडीच्या या तुकड्यात प्रकाशशास्त्राच्या किती युक्त्या एकावर एक रचल्या आहेत हे कळत गेलं, तसं माझं त्याच्याबद्दलचं नवल वाढतच गेलं.

स्क्रीन कुठे बसवली आहे यावर सगळी भिस्त असते. निकॉनच्या बॉडीत लेन्स जिथे टेकते त्या कड्यापासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिलिमीटर ठरलेलं आहे. लेन्समधून आलेला प्रकाश ४५ अंशांत कललेल्या आरशावर आपटून वर वळतो, आणि त्या वळणाच्या वाटेनं मोजलं तरी स्क्रीनपर्यंतचं अंतर तितकंच भरावं लागतं. तरच स्क्रीनवर जे धारदार दिसलं ते आरसा उचलला गेल्यावर फिल्मवरही धारदार उतरतं. आता ही बरोबरी किती काटेकोर असायला हवी? फिल्मवरचा ०.०३ मिलिमीटरचा ठिपका डोळ्याला बिंदूच वाटतो, असं धरायची जुनी पद्धत आहे. त्या हिशोबाने एफ/१.४ ची लेन्स पूर्ण उघडी असताना पुढेमागे मिळणारी सूट फक्त ०.०४ मिलिमीटर. माणसाचा केस बहुधा याहून जाड असतो. सेकंदाच्या अंशात वर उडणारा आणि पुन्हा खाली येऊन आपटणारा आरसा दर वेळी एवढ्या नेमक्या जागी टेकतो, वर्षानुवर्षं टेकत राहतो, ही साधी गोष्ट नाही.

आरसा आणि वर दुधी काच, ही मांडणी छायाचित्रणाहून जुनी आहे. योहान झान नावाच्या जर्मन धर्मगुरूने १६८५ साली छापलेल्या ग्रंथात अशा पेटीची आकृती आहे: पुढे भिंग, आत तिरका आरसा, वर चित्र झेलणारी काच. ते चित्र टिकवून धरणारं रसायन माणसाच्या हाती यायला अजून दीडशे वर्षं होती. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरच्या पद्धतीचे पहिले कॅमेरे विकायला आले, त्यांच्याही पाठीला दुधी काच होतीच. पाहण्याची सोय आधी झाली, टिपण्याची नंतर.

आता स्क्रीनच्या पोटात शिरायचं तर एक आकृती मनात धरावी लागेल, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. दूरच्या एका बिंदूतून निघालेला प्रकाश लेन्सच्या संपूर्ण तोंडावर पडतो आणि तिथून निमुळता होत होत पुन्हा एका बिंदूत मिळतो. म्हणजे लेन्सच्या मागे प्रकाशाचा एक शंकू तयार होतो. त्याचं टोक म्हणजे फोकस. लेन्स जितकी मोठ्या तोंडाची तितका शंकू पसरट. एफ/१.४ ला शंकूच्या कडेचा किरण मधल्या रेषेशी जवळपास २० अंशांचा कोन करतो, एफ/२.८ ला १०, एफ/५.६ ला जेमतेम ५. टोकाच्या पलीकडे हेच किरण पुन्हा फाकत जातात. फोकसिंग स्क्रीन बरोबर त्या टोकापाशी बसते आणि एकच गोष्ट ठरवते: या शंकूतले कुठले किरण डोळ्यापर्यंत जाऊ द्यायचे. स्क्रीनचे जेवढे म्हणून प्रकार आहेत, ते या एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत.

स्क्रीनच्या जागी नितळ काच बसवली तर काय होईल? चित्र तयार होईल, पण हवेत. किरण त्या प्रतलात एकत्र येतील आणि काहीच न घडल्यासारखे आरपार पुढे निघून जातील. आयपीसला लावलेल्या डोळ्याची बाहुली असते तीनचार मिलिमीटरची, त्यामुळे तिच्यात शंकूचा मधला बारीक गाभाच शिरेल. बाहेरच्या पसरट किरणांना डोळ्याची वाट सापडणारच नाही. दिसणारं चित्र लख्ख असेल, मनात भरेल असं. पण त्यात जवळचं-दूरचं सगळंच धारदार दिसेल, कारण अंधूकपणा येतो तो शंकूच्या कडेच्या किरणांमुळे आणि तेच गैरहजर. लायकाने १९६० च्या दशकात काढलेल्या पहिल्या लायकाफ्लेक्सने हा मार्ग धरला होता. व्ह्यूफाइंडर अत्यंत तेजस्वी, पण फोकस पाहायचा तो फक्त मधल्या छोट्या वर्तुळात. बाकीच्या चौकटीत फोकस बरोबर की चूक याचा पत्ता लागत नसे.

म्हणून काच घासावी लागते. दोन काचांच्या मध्ये पाणी आणि कार्बोरंडमची बारीक पूड घालून गोल गोल घासत राहिलं की पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म खड्डे पडतात. मोठ्या फॉरमॅटचे कॅमेरे वापरणारे लोक फुटलेल्या काचेच्या जागी नवी काच आजही घरी अशीच घासून बनवतात. प्रत्येक खड्डा आपल्यावर पडलेला किरण चहूकडे उधळतो, त्यामुळे पसरट कोनातून आलेल्या किरणाचाही थोडा हिस्सा डोळ्याकडे वळतो. आता शंकू पुरा दिसतो. फोकस हलला की चित्र प्रामाणिकपणे विरघळतं आणि जागेवर आला की गोळा होतं. किंमत अशी की उधळलेल्या प्रकाशातला बराचसा डोळ्यापर्यंत येतच नाही, वाया जातो. जाड घासलेली काच मंद असते आणि तिचा रवाही दिसतो. बारीक घासलेली उजळ असते, पण ती किरण थोडेच उधळते, म्हणून शंकूच्या कडा हातच्या जातात. उजेड आणि खरेपणा यांच्यातला हा सौदा इथेच सुरू होतो आणि पुढे कुठल्याही स्क्रीनमध्ये तो पूर्ण मिटत नाही.

कोपऱ्यांचा प्रश्न वेगळा. चौकटीच्या कोपऱ्यात पडणारे किरण मुळातच बाहेरच्या दिशेने निघालेले असतात, डोळ्यापासून लांब. त्यांना आत वळवायला स्क्रीनला लागून एक बहिर्गोल भिंग लागतं, पण ते जाड आणि जड होणार. तोड सापडली ती समुद्रकिनाऱ्यावरून. ओग्युस्तँ फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने दीपगृहांसाठी भिंगाची जाडी काढून टाकून त्याचा फक्त उतार ठेवला, एकात एक कड्यांच्या रूपात. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कोर्दुआँ दीपगृहात ते १८२३ साली पहिल्यांदा बसलं. तीच रचना, केसाहून बारीक वर्तुळाकार खाचांमध्ये उतरवून, आज फोकसिंग स्क्रीनवर छापलेली असते. सुटी स्क्रीन उजेडात तिरकी धरून भिंगातून पाहा, ती वर्तुळं दिसतील. मैलोगणती दूरच्या जहाजांना प्रकाश पोचवण्यासाठी निघालेली कल्पना इथे चौकटीचे चार कोपरे उजळण्याचं काम करते आहे.

आता मधलं वर्तुळ. ज्यांनी कुठलाही जुना मॅन्युअल कॅमेरा हाती घेतला आहे, त्यांना हे ठाऊक असतं: मध्ये एक छोटं वर्तुळ, त्याला आडवी छेद देणारी रेघ, आणि फोकस नसताना खिडकीचा गज त्या रेघेपाशी तुटलेला. रिंग फिरवली की दोन तुकडे एकमेकांकडे सरकतात आणि जुळतात. याला स्प्लिट इमेज म्हणतात. फ्रान्समधल्या ल्युसियाँ दोदँ यांनी १९४० च्या दशकात ही युक्ती काढली. वापरणारे लाखो, पण ते वर्तुळ काय करतं हे फार थोड्यांना माहीत असतं.

सुटी स्क्रीन मिळाली तर पाहण्यासारखी आहे. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारासारख्या ठिकाणी, जिथे कॅमेऱ्यांची दुरुस्ती चालते, तिथे मोडीत निघालेल्या बॉडीतून काढलेली एखादी स्क्रीन पाहायला मिळू शकते. कडेने धरून ती खिडकीसमोर न्या आणि मधल्या वर्तुळातून गजाकडे पाहा. वर्तुळात दुधीपणाचा लवलेश नाही, तिथलं प्लास्टिक नितळ आहे. आणि त्या नितळ वर्तुळाचे दोन अर्धे दोन वेगळ्या दिशांना पाहतात! वरच्या अर्ध्यात गज डावीकडे सरकलेला, खालच्यात उजवीकडे. कारण ते दोन पाचरीच्या आकाराचे लोलक आहेत, एक डावीकडे उतरता, दुसरा उजवीकडे उतरता, आणि दोघांचे उतार नेमके मध्यावर एकमेकांना छेदतात. तो छेद स्क्रीनच्या फोकसच्या प्रतलात असतो. सगळी जादू त्या छेदात आहे.

लोलक किरणाची दिशा बदलतो. पण चित्र जर बरोबर लोलकाच्या पृष्ठभागावरच पडलं असेल, तर दिशा बदलूनही त्याची जागा बदलत नाही. दार कितीही उघडा, बिजागरीपाशी ते जागचं हलत नाही. बिजागरीपासून जितकं दूर जावं तितकं सरकणं वाढतं. तसंच इथे. चित्र छेदाच्या प्रतलात पडलं तर दोन्ही अर्ध्यांत ते एकाच जागी दिसतं. थोडं पुढे किंवा मागे पडलं, की एक लोलक त्याला डावीकडे ढकलतो, दुसरा उजवीकडे, आणि गज तुटतो. किती तुटला यावरून फोकस किती चुकला ते कळतं, आणि कुठल्या बाजूला तुटला यावरून रिंग कुठे फिरवायची तेही. अंधूकपणा हे दुसरं कधीच सांगू शकत नाही. चित्र धूसर झालं एवढंच तो सांगतो. फोकस जवळ पडलाय की दूर, ते रिंग हलवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

शंकूच्या भाषेत हेच पुन्हा पाहू. वर्तुळ नितळ आहे, म्हणजे डोळा शंकूचा एक बारीक गाभाच घेतो. पण लोलकाने त्या गाभ्याची दिशा वळवलेली आहे. म्हणून एक अर्धा लेन्सच्या एका कडेतून पाहतो आणि दुसरा अर्धा समोरच्या कडेतून. एकाच लेन्सच्या आत दोन डोळे बसवून अंतर मोजण्याचा हा प्रकार आहे. पुढे १९८५ साली मिनोल्टाच्या ७००० या कॅमेऱ्यापासून ऑटोफोकस एसएलआर, म्हणजे असेच आरशाचे कॅमेरे, सर्वत्र पसरले, तेव्हा त्यांच्या आतल्या सेन्सरनेही हेच केलं: लेन्सच्या दोन बाजूंनी आलेली दोन चित्रं ताडून पाहिली. माणसाच्या डोळ्याने रेघ जुळवण्याचं काम इलेक्ट्रॉनिक्सकडे गेलं, तत्त्व तेच राहिलं.

आणि रेघ जुळवायला निसर्गाने आपल्याला अचाट देणगी दिलेली आहे. दोन ठिपके वेगळे ओळखायला निरोगी डोळ्याला साधारण एक कोनीय मिनिट लागतं, म्हणजे अंशाचा साठावा भाग. पण एकाच रेषेचे दोन तुकडे एकमेकांपासून किंचित सरकलेत का, हे डोळा त्या मिनिटाच्याही सहाव्या-दहाव्या भागापर्यंत ओळखतो. डोळ्याच्या पडद्यावरच्या दोन पेशींमधल्या अंतरापेक्षाही हे सरकणं कमी असतं! मेंदू अनेक पेशींचा हिशोब एकत्र करून ते शोधून काढतो. अकरावीच्या प्रयोगशाळेत व्हर्निअर कॅलिपरवर कुठली रेघ कुठल्या रेघेशी जुळली हे शोधत आपण सगळे बसलो आहोत. तिथे वापरली ती हीच क्षमता. म्हणून चाळिशी लागलेल्या, चष्मा न लावलेल्या माणसालाही स्प्लिटवर बऱ्यापैकी फोकस साधतो. चित्र त्याला धूसर दिसेल, पण रेघ तुटलेली आहे हे कळेल.

मग सगळ्या स्क्रीन स्प्लिटच्याच का नसतात? एक तर स्प्लिटला रेघ लागते, तीही आडव्या छेदाला काटकोनात. खांब, गज, साडीचा काठ, दाराची चौकट असेल तर झकास. गवताचा माळ किंवा लोकरीची घोंगडी असेल तर छेदाच्या दोन्ही बाजूंना सारखाच गोंधळ. दुसरी अडचण अधिक खोल आहे. एफ/५.६ च्या शंकूची कड मधल्या रेषेपासून फक्त ५ अंशांवर असते हे वर आलंच. लोलकाने नजर त्याहून जास्त वळवली तर तो अर्धा लेन्सच्या तोंडातून न पाहता लेन्सच्या आतल्या काळ्या भिंतीकडे पाहू लागतो. मंद झूम किंवा एफ/८ ची ५०० मिलिमीटरची मिरर लेन्स लावली की वर्तुळाचा एक अर्धा काळा पडतो. डोळा जरा बाजूला सरकवला तर तो उजळतो आणि दुसरा काळवंडतो. अनेकांना वाटतं कॅमेरा बिघडला. बिघडलेलं काही नसतं. लेन्सचं तोंड तिथपर्यंत पोचत नाही एवढंच. मॅक्रोमध्येही हेच घडतं, कारण वस्तू फिल्मवर मूळ आकाराएवढी उमटवायची तर एफ/२.८ ची लेन्स प्रत्यक्षात जवळपास ५.६ इतकी मंद होते. लोलकाचा उतार कमी ठेवला तर काळोख टळतो, पण मग रेघ कमी तुटते आणि अचूकपणाही घटतो.

मायक्रोप्रिझम हा याच तत्त्वाचा चुरा. दोन मोठ्या पाचरींऐवजी शेकडो बारीक पिरॅमिड. फोकस चुकला की चित्राचे शेकडो तुकडे वेगवेगळ्या दिशांना सरकतात आणि तो भाग सळसळताना दिसतो. जुळला की सळसळ एका क्षणात थांबते. रेघेची गरज नाही, पोत पुरतो. पेंटॅक्स के१००० मध्ये मध्यभागी हेच असतं. बऱ्याच कॅमेऱ्यांत स्प्लिटभोवती मायक्रोप्रिझमचं कडं आणि बाहेर दुधी भाग, अशी तिहेरी मांडणी असते. आपल्याकडच्या कितीतरी विद्यार्थ्यांचा पहिला कॅमेरा असलेल्या निकॉन एफएम१० मध्येही हीच मांडणी आहे. सर्वांना चालेल असा तो तोडगा आहे आणि चालतोही.

पण निवडायची मुभा असेल तर? १९५९ च्या निकॉन एफसारख्या व्यावसायिक कॅमेऱ्यांत स्क्रीन बदलता येत, आणि निकॉनची यादी वाचणं हा स्वतंत्र आनंद आहे. 'बी' म्हणजे दुधी, मध्ये अडथळा नाही. 'ई' वर उभ्याआडव्या रेघांची जाळी, इमारतींसाठी. 'के' म्हणजे वर सांगितलेली तिहेरी. 'एल' मध्ये स्प्लिटचा छेद तिरका, ४५ अंशांत, म्हणजे उभी आणि आडवी दोन्ही रेघ चालते. मला ही फार शहाणी कल्पना वाटते आणि ती सर्रास का झाली नाही याचं आश्चर्य वाटतं. 'जी' आणि 'एच' मायक्रोप्रिझमच्या, आणि त्या प्रत्येकी चार प्रकारच्या, कारण पिरॅमिडचा उतार लेन्सच्या शंकूशी जुळायला हवा. आणि मग 'सी' आणि 'एम', सूक्ष्मदर्शक आणि आकाशासाठी. त्यांच्या मध्यभागी नितळ काच आणि तीवर कोरलेली फुली.

नितळ काचेवर फोकस दिसत नाही असं मी आधी म्हटलं. इथे तो वेगळ्या वाटेने पाहतात. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या कॅमेऱ्यात प्रकाश इतका थोडा आणि शंकू इतका अरुंद असतो की दुधी काचेवर नुसता रवा दिसतो आणि स्प्लिट काळा पडतो. मग फुलीवर नजर ठेवून डोकं किंचित डावीउजवीकडे हलवायचं. चित्र फुलीवरून सरकलं तर ते दोघं वेगवेगळ्या प्रतलांत आहेत. रिंग फिरवत राहायचं. डोकं हलवूनही चित्र फुलीला चिकटून राहिलं की फोकस लागला. धारदारपणा न पाहता धारदारपणा ठरवण्याची ही रीत मला सगळ्यांत देखणी वाटते.

आता उजेडाचा मोह. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मिनोल्टाने काच ओबडधोबड घासण्याऐवजी पृष्ठभागावर एकसारखी, ओळीने मांडलेली सूक्ष्म भिंगं बसवायला सुरुवात केली. ॲक्यूट मॅट नावाची ही स्क्रीन पुढे हॅसलब्लाडनेही आपल्या कॅमेऱ्यांसाठी घेतली. इतरांनीही आपापल्या उजळ स्क्रीन काढल्या. निकॉन एफएम२ बरोबर १९८२ मध्ये आलेली 'के२' जुन्या 'के' पेक्षा स्पष्टपणे उजळ होती. सूक्ष्म भिंगं प्रकाश चहूकडे न उधळता ठरावीक अरुंद कोनात टाकतात, म्हणून वाया जाणं घटतं. संध्याकाळी, देवळाच्या गाभाऱ्यात, रंगमंचावर त्या वरदान आहेत.

पण अरुंद कोन म्हणजे शंकूच्या कडा पुन्हा बाहेर. अतिउजळ स्क्रीनवर एफ/१.४ ची लेन्स साधारण २.८ सारखी दिसते. याची खातरजमा सोपी आहे: डेप्थ ऑफ फील्डची कळ दाबून धरा आणि अपार्चरची रिंग १.४ वरून २ आणि २.८ वर न्या. चित्राचा उजेड आणि मागचा अंधूकपणा जवळपास हललाच नाही, तर ती स्क्रीन बाहेरचे किरण तुम्हाला दाखवतच नाही. फिल्मवर मात्र ते पडणार आहेत. व्यक्तिचित्रात दोन्ही डोळे धारदार दिसले म्हणून बटण दाबावं आणि फिल्मवर एकच डोळा धारदार यावा, याचं मूळ अनेकदा इथे असतं. म्हणून माझं ठाम मत असं: ज्यांच्याकडे १.२ किंवा १.४ ची लेन्स आहे आणि जे ती उघडीच वापरतात, त्यांनी नुसत्या उजेडाकडे पाहून स्क्रीन घेऊ नये. त्यांना जुनी, जराशी मंद, रवाळ काच अधिक खरं सांगते.

निवड सुरू करायची ती हातातल्या लेन्सपासून. २४ किंवा २८ मिलिमीटरच्या वाइड लेन्सला दुधी भागावर सगळंच धारदार भासतं, तिथे स्प्लिटला पर्याय नाही. ८५ किंवा १३५ च्या उजळ लेन्सला दुधी काचेवरच चित्र इतकं झटकन उसळून येतं की मधलं वर्तुळ उलट आड येतं. चेहरा मध्यभागी आणून, फोकस करून, पुन्हा चौकट लावावी लागते आणि तेवढ्यात माणूस हलतो. अशांना सपाट दुधी. मंद झूम, लांब टेली, मॅक्रो यांनाही तीच. वास्तू टिपणाऱ्यांना जाळी. हे सगळं करता येईल का हे कॅमेऱ्यावर अवलंबून. निकॉन एफ३ ची वरची व्ह्यूफाइंडरची टोपी काढली की स्क्रीन वर हाताशी येते. एफएम२ मध्ये लेन्स काढून, तोंडातून आतली छोटी खिट्टी सोडवावी लागते. चौकट खाली झुकते आणि स्क्रीनची इवलीशी जीभ चिमट्याने धरून ती बाहेर काढायची. ऑलिंपस ओएम-१ मध्येही तोंडातूनच. एफएम१० किंवा के१००० मध्ये ती बदलण्याची सोय नाही, ते कारागिराचं काम.

स्क्रीन बदलली की मीटरकडेही पाहावं लागतं, हे बरेच जण विसरतात. एफएम२ आणि ओएम-१ यांचे प्रकाशमापक आयपीसजवळ बसून स्क्रीनवरचाच उजेड मोजतात. उजळ स्क्रीन घातली तर मीटरला वाटतं बाहेरच ऊन वाढलं, आणि तो फिल्मला कमी प्रकाश द्यायला सांगतो. तेवढी दुरुस्ती आयएसओच्या चकतीवर करून घ्यायची. एफ३ चा मापक आरशाखाली आहे, त्याला स्क्रीनशी देणंघेणं नाही. १९७५ चा ओएम-२ ऑटोवर थेट फिल्मवरून परतणारा प्रकाश मोजतो. आणि १९८१ च्या कॅनन न्यू एफ-१ ने तर स्क्रीनलाच मीटरचा भाग करून टाकलं: सरासरी मोजायचं, मधला आयत मोजायचा की फक्त एक ठिपका, हे आत कुठली स्क्रीन घातली आहे यावर ठरतं. हा डाव ज्याने मांडला त्याच्या डोक्याला सलाम.

स्क्रीनवर धूळ दिसली तर घाबरू नये, ती फोटोत येत नाही. फोटो निघताना स्क्रीन प्रकाशाच्या वाटेत नसतेच. फुंकणीने हवा मारावी आणि थांबावं. कपडा, स्पिरिट, ॲसिटोन यांपैकी काही नको. ॲक्रिलिकच्या सूक्ष्म खाचांत बोटाचं तेल एकदा शिरलं की निघत नाही आणि पुसताना पडलेला ओरखडा कायमचा राहतो. आरशाच्या वरची फोमची पट्टी मात्र तपासावी. काही दशकांत तिचा चिकट काळा गाळ होतो, आपल्या दमट हवेत तर अधिकच, आणि त्याचे कण नेमके स्क्रीनवर चिकटतात.

आणि शेवटी ती ०.०४ मिलिमीटरची गोष्ट. बाहेरच्या कंपनीची स्क्रीन घातली, किंवा कॅमेरा अनेक हातांतून गेला असेल, तर फिल्म आणि स्क्रीन अजून एकमत आहेत का ते घरीच पाहता येतं. मागचं झाकण उघडा, आतल्या दोन रुळांवर दुधी काचेची छोटी पट्टी दुधी बाजू लेन्सकडे करून टेकवा. कॅमेरा तिपाईवर, लेन्स पूर्ण उघडी, शटर 'बी' वर, म्हणजे कळ दाबून धरेपर्यंत ते उघडं राहील. व्ह्यूफाइंडरमधून दहा-बारा फुटांवरच्या वर्तमानपत्रावर फोकस करा, मग रिंगला हात न लावता केबल रिलीज दाबून धरा आणि पट्टीवरचं उलटं चित्र भिंगातून पाहा. अक्षरं तिथेही तितकीच धारदार असतील तर आरसा, स्क्रीन आणि फिल्मची जागा तिन्ही बरोबर आहेत. नसतील तर स्क्रीनखालची पत्र्याची पातळ पट्टी बदलणं किंवा आरशाचा टेकू हलवणं एवढाच उपाय असतो, आणि तो जाणत्या कारागिराकडून करून घ्यावा.